सीमेपलीकडून आपल्या तालुक्यात: स्थलांतराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांसाठी

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी आणि मूलचेरा तालुक्यांत अशी गावं आहेत, जिथे घरात बंगाली, शाळेत मराठी आणि आठवडी बाजारात या दोन्हींबरोबर गोंडी-तेलुगूही ऐकू येते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. वर्ध्याला १९३३ साली निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू गांधीजींना भेटायला आले, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत कायमचा आला. खामगाव-अमरावतीकडचा कापूस मुंबईमार्गे जपानच्या गिरण्यांपर्यंत जात होता. आशियाच्या सीमा ओलांडणाऱ्या माणसांचा आणि मालाचा एवढा इतिहास आपल्या धुऱ्याला लागून आहे. तो लिहायला दिल्ली-कोलकात्याहून कोणी यायची वाट पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

एम.ए.चा लघुप्रबंध करणारे विद्यार्थी, जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, गावचं वाचनालय चालवणारे कार्यकर्ते आणि मुख्य म्हणजे या वसाहतींतच जन्मलेली तिसरी पिढी, अशांसाठी हे लिहितो आहे. इतिहासाची पदवी लागत नाही. वेळ लागतो, एक जाड वही लागते आणि समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडण्याची सवय लागते.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. स्थलांतराबद्दल विचारलं की आपल्याकडे "कुठून आले" आणि "कुठे बसले" एवढ्यावर उत्तर संपतं. पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) खुलन्याहून आले, चामोर्शीला बसले. पण खुलना आणि चामोर्शी यांच्या मध्ये कधी कधी पाच-सात वर्षं गेलेली असतात. कोलकात्याच्या सियालदा स्टेशनचा फलाट असतो, रायपूरजवळची माना छावणी असते, अर्ध्या वाटेवर मागे राहिलेला भाऊ असतो. इतिहास या मधल्या वाटेत आहे. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी नाव लिहून घेतलं, तुकड्या पाडल्या, शिधा मोजला. म्हणजे प्रत्येक थांब्याला एक कचेरी होती, आणि कचेरी होती म्हणजे कागद झाला. माणसाची आठवण आणि सरकारी कागद या दोघांना जोडणारी दोरी ही वाट आहे. सगळं काम तिच्याभोवती बांधा.

आधी एकच गाव धरा

"विदर्भातील निर्वासितांचा इतिहास" असा विषय घेऊ नका. एक गाव घ्या, फार तर शेजारच्या दोन टोल्या, म्हणजे छोट्या वस्त्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या अरुणनगर या बंगाली वसाहतीतल्या दहा कुटुंबांची वाट नीट लिहून झाली, तर तिच्या जोरावर पुढचं मोठं काम उभं राहतं.

निवड करताना स्वतःचा स्वभावही बघा. लोकांत मिसळायला आवडत असेल तर बंगाली वसाहती घ्या. तिथे मराठी समजणारी माणसं घरोघरी आहेत आणि पाहुण्याला चहाशिवाय सोडत नाहीत. तिबेटी वसाहतीत काम करायचं असेल तर आधी तिथल्या सेटलमेंट ऑफिसला लेखी पत्र द्या, आणि हिवाळ्यात जाऊ नका. त्या दिवसांत बरीच कुटुंबं स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. लोसार, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं; त्याच्या आसपास माणसं घरी भेटतात. बंगाली गावांत धानाची मळणी आटोपल्यावर जा. रोवणीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाला १९६४ ची आठवण विचारणं अन्याय आहे.

मुलाखती घ्यायचा संकोच वाटत असेल, कागदातच रमत असाल, तर सेवाग्राम घ्या. गांधीजींचं समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांत छापलेलं आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. जपानच्या आक्रमणाचा कडक निषेध करणाऱ्या त्या पत्रात ते मध्येच आश्रमातल्या जपानी भिक्षूची आठवण काढतात: युद्ध पुकारलं गेल्यामुळे त्याला आमच्यातून नेलं, त्याची रोजची प्रार्थना आणि त्याचं छोटं ढोलकं मागे राहिलं, आणि त्या ढोलक्याच्या तालावर आम्ही सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू करतो. युद्धात शत्रूराष्ट्राचा ठरलेला एक माणूस वर्ध्याजवळच्या खेड्यात किती आपला झाला होता, हे त्या चार ओळींतून कळतं. हा भिक्षू कोणत्या वाटेनं आला, कुणी नेला, कुठे ठेवला, हा एका लघुप्रबंधाचा विषय आहे.

कापसाकडे वळायचं असेल तर आकड्यांची आवड हवी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात "ऊमरा" या नावाखाली विकला जाई. तोयो मेंका, निप्पॉन मेंका आणि गोशो या तीन जपानी कंपन्या हिंदुस्थानी कापसाच्या मोठ्या खरेदीदार होत्या. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला, आणि जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाल्यावर तो उठला. त्या मधल्या काळात खामगावच्या बाजारात भाव काय झाले, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून काढता येईल.

इथून पुढे मी मुख्यतः बंगाली वसाहतींबद्दल बोलणार आहे. ती वाट सोडवता आली की बाकीच्या वाटांनाही तीच पद्धत लागू पडते.

जायच्या आधीची तयारी

पूर्व पाकिस्तानातून माणसं एकाच वेळी आली नाहीत. फाळणीनंतर एक लोंढा आला. १९५० च्या दंगलींनंतर दुसरा. त्याच वर्षी ८ एप्रिलला नेहरू-लियाकत करार झाला. ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्टची पद्धत आली, तेव्हा "आता सीमा बंद होणार" या भीतीनं आणखी लोक आले. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबलमधून पवित्र केस नाहीसा झाला आणि त्याचे पडसाद जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका, नारायणगंजला दंगलींच्या रूपानं उमटले. काश्मीरातली घटना, बंगालमधली दंगल आणि चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्याच्या जंगलात पडलेली झोपडी अशी ही साखळी आहे. शेवटचा मोठा लोंढा १९७१ च्या युद्धाचा.

सरकारनं या लोकांचे गट पाडले होते, आणि ते माहीत नसतील तर कागद कळत नाहीत. मार्च १९५८ पर्यंत आलेले ते "जुने", १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले ते "नवे". मधल्या वर्षांत जे आले त्यांना पुनर्वसनाची मदत नाकारली गेली. "नव्यां"ना मदत मिळण्यासाठी अट होती: पश्चिम बंगालच्या बाहेर जायला तयार असलं पाहिजे. नदीकाठचा, भात आणि मासळीवर जगणारा शेतकरी दंडकारण्यात आणि आपल्या झाडीपट्टीच्या टोकाला का आला, याचं बरंचसं उत्तर या अटीत आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाचं क्षेत्र कोरापुट, कालाहांडी आणि बस्तरचं होतं. चांदा जिल्ह्यातलं पुनर्वसन त्या क्षेत्राबाहेरचं. पुष्कळ लेखांत दोन्हींची सरमिसळ होते, ती तुम्ही करू नका. नाती मात्र सीमा मानत नाहीत. छत्तीसगडमधल्या पखांजूरचा बंगाली मुलूख गडचिरोलीच्या सीमेपासून लांब नाही, तेव्हा तिकडे सोयरिक आहे का हे जरूर विचारा.

बहुतेक कुटुंबं नमःशूद्र या बंगालमधल्या दलित समाजाची, आणि अनेक घरांत हरिचाँद आणि गुरुचाँद ठाकुरांची तसबीर दिसेल. हा मतुआ पंथ आहे. त्याबद्दल थोडं वाचून जा. आपल्या देव्हाऱ्यातलं माणूस ओळखणाऱ्या पाहुण्याशी लोक वेगळ्या मोकळेपणानं बोलतात.

जिल्ह्यांची नावं आणि सीमा कागदावर लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. चांद्याचं चंद्रपूर १९६४ च्या सुमारास झालं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून निघाला. म्हणजे १९७० चा मूलचेऱ्याकडचा कागद "चांदा" किंवा "चंद्रपूर"खाली, गडचिरोली अथवा सिरोंचा तहसिलीत शोधायचा. नोर्ग्येलिंगचे तिबेटी आजही आपल्या वसाहतीला "भंडारा" म्हणतात, आणि त्यांच्या कार्यालयीन कागदांतही तेच नाव असतं. नवख्या अभ्यासकाचे कित्येक दिवस नुसत्या चुकीच्या जिल्ह्यात शोधण्यात जातात.

पहिली फेरी: रेकॉर्डर घरी ठेवा

पहिल्यांदा जाल तेव्हा फक्त ओळख करा. सरपंच आणि पोलीस पाटलांना कल्पना द्या, मुख्याध्यापकांना भेटा, चहाच्या टपरीवर बसा. तुम्ही कोण, कुणाचे, हे काम कशासाठी, आणि यातून त्यांना घरकुल, दाखला किंवा नोकरी मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. या लोकांच्या दारात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे सर्वेक्षणवाला, असा अनेक वर्षांचा अनुभव आहे. खोटी आशा लावून मिळवलेली मुलाखत कामाची नसते.

या फेरीत एकच यादी करा: सीमा ओलांडली तेव्हा कळत्या वयाची असलेली माणसं गावात किती उरलीत. जे १९६४ मध्ये दहा वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. यादीत सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं नाव वर, आणि त्याच क्रमानं पुढची भेट. कागद कुठे पळून जात नाहीत; माणसांचं तसं नाही.

तहसील, तलाठी आणि शाळा

आता कागद. सुरुवात तलाठ्याकडून. गावाचा सातबारा, आठ-अ आणि विशेष म्हणजे जुने फेरफार बघा. निर्वासितांना दिलेल्या जमिनींवर बहुधा भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) अशी नोंद असते आणि फेरफारात वाटपाच्या आदेशाचा क्रमांक, तारीख सापडते. तो क्रमांक वहीत नीट उतरवा. पुढच्या कचेरीत तीच तुमची किल्ली. तहसिलीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून जुने दस्तऐवज मागता येतात. "सगळं दाखवा" असा अर्ज कुणी मनावर घेत नाही. गावाचं नाव, साझा, वर्ष आणि नमुना लिहून मागितलं तर बाबूही मदत करतात. नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार आहे, पण तो शेवटी वापरा. अर्जानं सुरू झालेलं नातं पुढे अर्जावरच चालतं.

माझ्या मते सर्वांत बोलका कागद शाळेतलं दाखल-खारिज रजिस्टर. जन्मस्थळ आणि यापूर्वीची शाळा, हे दोन रकाने बघा. एखाद्या मुलाच्या नावापुढे जन्मस्थळ पूर्व पाकिस्तानातलं आणि आधीची शाळा माना छावणीतली असेल, तर त्या एका ओळीत अख्ख्या कुटुंबाचे तीन थांबे आले. त्याच मुलाच्या धाकट्या बहिणीचं जन्मस्थळ वेगळं निघालं, की छावणीत किती वर्षं गेली याचा अंदाज बसतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं, त्यांच्यासमोर बसून, हातानं टिपणं घ्या. रजिस्टरचे फोटो काढू नका, त्यात जिवंत माणसांची माहिती आहे.

आडनावांच्या लिखाणाकडे लक्ष ठेवा. मंडल, मोंडल, मोंडोल ही एकाच घरातली तीन रूपं असू शकतात. "बिश्वास"चं मराठी मास्तरांनी "विश्वास" केलेलं असतं, आणि मग तो विश्वास कधी नाव म्हणून, कधी आडनाव म्हणून नोंदला जातो. शिवाय बंगाली पद्धतीत वडिलांचं नाव मध्ये येत नाही. आपल्या रजिस्टरात मात्र ते घुसवलेलं असतं. एका माणसाची सगळी रूपं वहीत एकाच पानावर ठेवा.

मुलाखत: वाटेनं चला

कागद बघून झाले की रेकॉर्डिंग. मोबाइल पुरतो. विमान मोडवर टाका, पंख्यापासून आणि कोंबड्यांपासून लांब बसा, सुरुवातीला तारीख, गाव आणि संमती आवाजातच घ्या. उपकरणांबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

काय विचारायचं, यावर मात्र सविस्तर बोललं पाहिजे. "तुमची कहाणी सांगा" असं म्हटलं तर माणूस पाठ झालेलं भाषण म्हणतो, जे त्यानं पुढाऱ्यांना आणि पत्रकारांना ऐकवलेलं असतं. वाटेवरून चालवत न्या. घरून निघाले ती वेळ कोणती, दिवस की रात्र? घराला कुलूप लावलं का, किल्ली कुणाकडे दिली? गाय कुठे सोडली? नावेनं की पायी? सीमेवर पहिला माणूस कोण भेटला, त्यानं कागद दिला का? सियालदाला किती दिवस काढले? गाडीत बसवलं तेव्हा कुठे नेतात हे सांगितलं होतं का? मानाला तंबू की बरॅक? डोल, म्हणजे रोख मदत, किती दिवसांनी मिळायची, रांगेत घरातलं कोण उभं राहायचं? तिथून कोणती रेल्वे? गोंदिया-चांदाफोर्ट तेव्हा छोटी लाइन होती; उतरले कुठे, वडशाला, चांदाफोर्टला की बल्लारशाला? पुढे ट्रक की बैलबंडी? पहिल्या रात्री काय शिजवलं, पाणी कुठलं? पहिल्या पावसाळ्यात कोण आजारी पडलं?

अशा बारीक प्रश्नांनी माणूस त्या जागी परत जातो, आणि मग जे निघतं ते कोणत्याही अहवालात नसतं. बायकांना वेगळं भेटा. घरातले पुरुष जमीन, अर्ज, पुढारी सांगतात. ठाकुमा, म्हणजे आज्या, सांगतात की छावणीत बाळंतपण कुणी केलं, सरपण आणायला जंगलात कुणाच्या बरोबर गेल्या, आदिवासी बाईनं पहिल्यांदा मोहफूल दिलं तेव्हा ते खायचं कसं कळेना. दोन समाजांची खरी भेट सरपणाच्या वाटेवर आणि पाण्यावर झाली आहे, आणि तिच्या साक्षीदार मुख्यतः बायका आहेत.

आजी बंगालीतच बोलतात आणि नात मराठी करून सांगते, असं नेहमी होईल. नातीचे आभार माना, पण रेकॉर्डिंग नंतर दुसऱ्या बंगाली जाणणाऱ्याकडून पुन्हा ऐकून घ्या. नात प्रेमापोटी आजीचं दुःख वगळते, भांडणं गाळते, लाजिरवाणं वाटेल ते सोडते. मूळ बंगाली वाक्य देवनागरीत उतरवून शेजारी मराठी लिहा.

आजी थांबल्या तर थांबू द्या. कुणी गेल्याची गोष्ट आली तर पुढचा प्रश्न गिळून टाका. दुसऱ्या दिवशी परत जा, रेकॉर्डरशिवाय, नुसतं बसायला. आणि पोलीस, नक्षल यांच्याबद्दल अवाक्षर विचारू नका. तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत जाता, माणसं तिथेच राहतात.

तारखा कशा जुळवायच्या

म्हातारी माणसं इंग्रजी तारीख सांगत नाहीत. बंगाली माणूस बंगाली सन सांगेल: "तेराशे सत्तर, पौष महिना." बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. एप्रिल ते डिसेंबरच्या घटनेला ५९३ मिळवा, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या घटनेला ५९४. बंगाली पौष सौर महिना आहे, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे १३७० चा पौष डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४. बरोबर दंगलीच्या तोंडावर. आपला पौष चांद्र आहे, तो थोडा मागेपुढे पडतो, म्हणून मराठी पंचांगावर हिशेब करू नका.

तिबेटी माणूस प्राणी आणि तत्त्व मिळून झालेलं वर्ष सांगेल. दलाई लामा भारतात आले ते १९५९ म्हणजे भूमी-वराह वर्ष. तिथून पुढे-मागे बारा-बारानं मोजा. वऱ्हाडातल्या निजामी अमलाच्या कागदांवर फसली सन असेल तर ५९० मिळवा.

जिथे सनच आठवत नाही तिथे मोठ्या घटनेला टेका. चीनची लढाई, १९६५ ची लढाई, नोव्हेंबर १९७० चं बंगालमधलं चक्रीवादळ, बांगलादेशाची लढाई, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी. "त्याच्या आधी की नंतर?" एवढंच विचारा.

आणि आता महत्त्वाचं. समजा आजोबा म्हणतात चौसष्टला आलो, शाळेचं रजिस्टर सांगतं सहासष्ट, आणि फेरफारात तारीख अडुसष्टची आहे. नवखा अभ्यासक इथे घाबरतो किंवा कागदाला खरं मानून आजोबांना खोटं ठरवतो. तिन्ही खरं असू शकतं. चौसष्टला सीमा ओलांडली, सहासष्टला मुलगा शाळेत गेला, अडुसष्टला जमिनीचा ताबा मिळाला. जी चार वर्षं उरली ती वाटेतली. त्या चार वर्षांत कुटुंब कुठे होतं, कशावर जगलं, कोण गळालं, हा तुमच्या लेखाचा मधला आणि सगळ्यात मोठा भाग झाला पाहिजे. विसंगती पुसून टाकू नका, तिच्यापाशी थांबा.

आधीपासून इथे असलेल्यांनाही विचारा

बंगाली वसाहतीवर लिहिणारा बहुतेक जण शेजारच्या गोंड-माडिया टोलीत जातच नाही. हे मला फार खटकतं. जी जमीन निर्वासितांना मिळाली तिथे आधी जंगल होतं, आणि त्या जंगलात कुणाची गुरं चरत होती, कुणाची मोहाची झाडं होती, कुणाचे देव होते. एकाचं पुनर्वसन दुसऱ्याच्या निस्ताराच्या, म्हणजे चराई-सरपणाच्या, जागेवर झालं असू शकतं. दोन्ही दुःखं खरी आहेत, एकानं दुसरं खोटं होत नाही.

या बाजूचे कागदही आहेत. मालगुजारीच्या काळचं वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक गावकऱ्यांचे चराई, सरपण, पाण्याचे हक्क सांगतं. त्याहून ताजा साठा म्हणजे वनहक्क कायद्याखालच्या सामूहिक दाव्यांच्या फायली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाल्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी दावे केले. त्या फायलींत म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या शिवा, देवस्थानांच्या खुणा आणि हाती काढलेले नकाशे असतात. ग्रामसभेसमोर उभं राहून विषय मांडा, परवानगी घ्या, मगच फाईल उघडा.

टोलीत विचारायचं ते साधं आहे. "हे लोक कवा आले जी? तवा इथं काय होतं? पहिलं बोलणं कोणत्या भाषेत झालं? तुमी त्यायच्याकडून काय शिकले, त्यायनं तुमच्याकडून काय घेतलं?" मासळी, भाजीपाला, बोडी (छोटं तळं) खोदण्याची रीत, मजुरीचे दर, बाजारातली भांडणं, लग्नं, सगळं इथेच निघेल. मग एकच प्रसंग दोन्ही गावांच्या तोंडून शेजारी शेजारी मांडा. आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की एका बाजूचीच साक्ष असलेला लेख अर्धा आहे, तो पुरा करून परत द्या.

काय छापायचं नाही

नागरिकत्वाचा प्रश्न जिवंत आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले अशी अट आहे, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. वनहक्कात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. नमःशूद्रांना महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा ही मागणी जुनी आहे. या सगळ्या ठिकाणी "कधी आलात" हा प्रश्न कायद्याचा आहे. तुमच्या लेखातली एक तारीख एखाद्या कुटुंबाच्या अर्जाला आडवी जाऊ शकते.

म्हणून जिवंत व्यक्तीचं नाव बदला, नेमकी तारीख देण्याऐवजी वर्षांचा टप्पा द्या, सीमेवरची पावती, छावणीचं कार्ड, तिबेटी माणसाचं नोंदणी प्रमाणपत्र यांचा फोटो कुठेही टाकू नका, व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही. खरी नावं आणि टोपणनावं यांची जोडयादी वेगळ्या वहीत, कुलपात. कुणी नंतर "माझं बोलणं काढा" म्हणालं तर कारण न विचारता काढा.

दूरचे साठे

गावातला क्रमांक, तारीख, छावणीचं नाव हाती आल्यावरच दूर जा. नागपूरच्या पुराभिलेखागारात मध्यप्रांत-वऱ्हाड सचिवालयाचे कागद आहेत. ओळखपत्र आणि महाविद्यालयाचं पत्र न्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, त्यामुळे त्यानंतरचे काही धागे मुंबईत जातात, आणि १८५३ पूर्वीच्या वऱ्हाडाचे हैदराबादला. राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" घरबसल्या शोधता येतं. रोमन लिपीत "चांदा", "डिस्प्लेस्ड पर्सन्स", "ईस्ट पाकिस्तान", "माना" असे शब्द टाका, आणि "चांदा"ची वेगवेगळी स्पेलिंगंही. लोकसभेच्या जुन्या चर्चा इंटरनेटवर आहेत. पुनर्वसनावरचे प्रश्नोत्तर कोरडे दिसतात, पण छावण्यांची नावं आणि तारखा तिथे पक्क्या मिळतात. १९५१, १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका शेजारी ठेवून गावांची यादी ताडून पाहा. जे गाव १९६१ मध्ये नाही आणि १९७१ मध्ये आहे, ते बघण्यासारखं. नागपूरच्या हितवाद आणि तरुण भारतच्या जुन्या अंकांत त्या वर्षांचं वातावरण मिळेल, मात्र निर्वासितांचा स्वतःचा आवाज तिथे क्वचित असतो.

लिहून झाल्यावर

थांब्यांच्या क्रमानं लिहा. प्रत्येक थांब्याखाली आधी माणसांचं बोलणं, मग कागद, मग त्यातलं न जुळणारं. आकडा कुठून घेतला हे त्याच ओळीत सांगा. जे ऐकीव आहे त्याला ऐकीव म्हणा.

छापायला देण्याआधी गावात एक संध्याकाळ ठेवा आणि मसुदा मोठ्यानं वाचा, मराठीत, आणि कुणाकडून तरी बंगालीतही. टोलीतल्या लोकांनाही बोलवा. दुरुस्त्या सुचतील, कुणी रागावेल, कुणी नवीन नाव सांगेल. ते सगळं मसुद्याच्या कडेला तारखेसह टिपा. मग एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, एक शाळेत, एक टोलीच्या ग्रामसभेच्या फायलीत आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या. ज्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं त्यांच्या घरी ते पेन ड्राइव्हवर नेऊन द्या, आणि घरातल्या एखाद्या नातवाला ते कसं उघडायचं हे दाखवूनच उठा.